हातभर उंचीवरची पायरी

दिवा गावच्या खाडीकाठच्या ताडावर पन्नास वर्षं काळुरामच चढायचा. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्याने घरच्यांना सांगितलं, “खोडाला बांबूच्या पायऱ्या बांधायला जो दोरी बरोबर पारखेल, माझा कोयता त्याचा.” पुतण्यांनी चकचकीत नायलॉनची दोरी उचलली. सून भावनाने ती मागून घेतली, जमिनीपासून हातभर उंचीवर एकच पायरी बांधली आणि तिच्यावर दोन्ही पायांनी उडी मारली. दोरी ताणली, पायरी चार बोटं घसरली. “पडायचं तर इथेच पडलेलं बरं,” ती म्हणाली. मग काथ्याची जाड दोरी घेऊन, पीळ उकलून आत कुजलीय का ते पाहून तिने पायरी पुन्हा बांधली. तीन उड्यांनीही ती हलली नाही. काळुरामने कोयता तिच्या हातात दिला. पायरीमागून पायरी बांधत ती वर चढली आणि दुपार कलताना शेंड्यावरून तिची हाक आली, “झेला रे.” त्याच नायलॉनला बांधलेला ताडगोळ्यांचा घड पुतण्यांच्या हातात उतरला.