कोळंबीच्या मिरच्या

लग्नानंतर घरी पहिलीच पार्टी होती. तिने माहेरच्या पद्धतीने मिरच्यांत लसणाची कोळंबी भरली, बोटांची आग आग झाली तरी सगळ्या स्वतः तळल्या. ताट बाहेर गेलं आणि पहिल्याच घासाला हॉलमधल्या गप्पा थांबल्या. सासूबाई डोळे पुसू लागल्या.

"फार तिखट झाल्यात का, आई?"

"नाही गं. माझी आधीची सून अगदी अश्शाच करायची. ती गेली, तेव्हापासून या घरात झाल्याच नव्हत्या."

ती दुसरा घाणा काढायला आत गेली. एवढ्यात बाहेरून नवऱ्याने पहिल्या बायकोच्या नावाने हाक मारली, "अगं, अजून आण ना!"



आणि ही "आले, आले!" म्हणून ओ देऊन बसली.