मांचुरियाच्या सरदाराचं आख्यान

या, असे टाळकऱ्यांजवळ सरकून बसा. रक्त खवळेल अशी एक गोष्ट सांगायची आहे.

सोलापूरच्या महेश्वरीताई मैंदर्गीकडच्या एका गावात कीर्तनाला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचं रक्त आधीच खवळलेलं होतं. गावचं गायरान सोलरवाल्या कंपनीला द्यायचं का, हे दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ठरणार होतं. दिलं, तर मेंढरं चारायची कुठं? सरपंच तिप्पण्णा इतके दिवस कंपनीच्या गाडीतून मिरवला होता. आता 'नको' म्हणायचं त्याच्या मनात घोळत होतं, पण धीर होत नव्हता.

"ताई, त्या चीनच्या सरदाराचं आख्यान लावा," कीर्तन ठरवणारा शिवराज म्हणाला होता. "आमच्या सरपंचाला बरोबर कळंल."

ताईंनी उत्तररंगात तेच लावलं.

"मांचुरियाचा सरदार चांग त्सो-लिन! जपान्यांनी त्याला बंदुका दिल्या, सल्लागार दिले, दोस्त म्हणून मिठी मारली. आणि डोळा कशावर? त्याच्याच मुलखावर! हा आपला म्हणतोय, मीच त्यांना खेळवतो. अरे, कोण कुणाला खेळवतोय?"

मृदंग थांबला.

"पुढं तो त्यांचं ऐकेनासा झाला. पेकिंगहून आगगाडीनं घरी निघाला. जपानी फौजेतल्या त्याच दोस्तांनी वाटेतल्या पुलाला सुरुंग लावला. गाडी पुलाखाली आली, आणि उडवली! हे असले दोस्त! तिप्पण्णा, ओळखा त्यांना!"

तिप्पण्णाचा चेहरा पांढराफटक पडला. रंग भरला तिथंच ताईंनी आख्यान आवरलं आणि विठ्ठलाचा गजर धरला.

निघताना मेंढरंवाली तानाबाई पाया पडली. "आक्का, लई हाणलं की तुमी! आता न्हाई म्हनतोय बगा त्यो."

"म्हणायलाच पाहिजे," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शिवराजचा फोन आला. "ताई, झाला की ठराव! गायरान कंपनीला. पहिला हात सरपंचाचाच. 'मला न्हाई त्या आगगाडीत बसायचं,' म्हणतोय."

"अरे, पण तू तर गावाचा..."

"गावाचाच की. पगार कंपनीचा. आता माळशिरसकडं एक सरपंच कंपनीवर उलटायला लागलाय. तितंबी हेच आख्यान लावा."

तर मंडळी, त्या सरदाराच्या मुलाची आठवण ठेवा. बाप असा उडवला, वर जपान्यांच्या धमक्या, तरी त्यानं आपल्या देशाचं निशाण उभारलं. ताई त्या संध्याकाळी आख्यानात त्याच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या.