बारापैकी बारा

“कस्तुराबाई, तू हजर हुतीस ना? मग आमची शाखा बंद करताना तुज्या तोंडातनं एक शब्दबी निघाला न्हाई?”

बचत गटाच्या भागुबाईंनी भर सभेत विचारलं. कामशेतच्या मंगल कार्यालयात सहकारी बँकेची वार्षिक सभा चालू होती. कोणता संचालक किती बैठकांना आला, हे बँकेने यंदा पहिल्यांदाच अहवालात छापलं होतं. या पारदर्शकतेचं कौतुक अध्यक्षांनी स्वतःच अर्धा तास केलं होतं. कस्तुराबाईंच्या नावापुढे आकडा होता, बारापैकी बारा.

कस्तुराबाई व्यासपीठावर अवघडून बसल्या होत्या. महिलांच्या राखीव जागेवर त्या निवडून आल्या, त्याला तीन वर्षं झाली. बैठकांना जायचे ते त्यांचे यजमान, बाजीराव. चहा, भजी, चर्चा सगळं उरकून ते हजेरीचं रजिस्टर घरी आणत. कस्तुराबाई पिठाचा हात पुसून सही करत. बाकीच्या संचालकांना हे ठाऊक होतं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. आज फोटो काढायचे म्हणून त्यांना आणलं होतं. “फकस्त नमस्कार करायचा,” बाजीरावांनी बजावलं होतं.

पवनेकाठची शाखा आपल्याच सहीने बंद होणार, हे त्यांना आत्ता कळलं. गावातल्या बायका तिथे चालत जाऊन पैसे भरायच्या. आता कामशेत गाठायचं म्हणजे प्रत्येकीची एका दिवसाची मजुरी बुडणार. कस्तुराबाईंना लाज वाटली. मग रागही आला.

अध्यक्षांनी माइक जवळ ओढला. “हे बघा मावशी, ठराव नियमानेच झालाय. बैठकीला सात संचालक हजर लागतात. सात होते. एक जरी कमी असता, तरी तो ठराव मी स्वतः रद्द केला असता!”

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून बाजीरावांनी ‘खाली बस’ अशी खूण केली, कारण कस्तुराबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

“सही माजीच हाय,” त्या म्हणाल्या. “पन बँकेच्या बैठकीला मी आजवर एकदाबी आले न्हाई. म्हंजी त्या दिशी सहाच हुते.”