खासगी कारण
"मालकाचं बरोबर होतं, असं कोणाला वाटतं? हात वर करा."

बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. एकही हात दिसला नाही. एकतीस वर्षांत कधी दिसलाच नव्हता, म्हणून आश्चर्य वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं. निवृत्तीआधीचा हा शेवटचा तास, आणि पुढच्या वर्षापासून ही केसही अभ्यासक्रमातून बाद. छत्र्यांच्या कारखान्यावर आता कोण डोकं शिणवणार, असं नव्या समितीचं म्हणणं पडलं. एक हात तरी वर व्हावा, एवढीच बाईंची इच्छा होती.

केस चार पानांची. एका कारखानदाराला नवं यंत्र घ्यायचं होतं. पैसे साठले होते. ऐन वेळी त्याने ते काढून घेतले, यंत्र आलंच नाही, आणि दीड वर्षात कारखान्याला कुलूप लागलं. पैसे का काढले, तर 'खासगी कारण'.

केस बाईंनीच लिहिलेली, विद्यार्थिनी असताना. तेव्हा व्यवस्थापनाची पदवी एकच होती. दोन वर्षं, दिवसा, वसतिगृहात राहून. वर्गात मुली तीन. काय दिवस होते ते! बाई नुकत्याच बंद पडलेल्या कारखान्यात वही उघडून बसल्या, तर मालकांनी चहा मागवला, सगळे आकडे दिले, आणि त्या एका प्रश्नावर नुसते हसले. बाईंनी शेवटी ठणकावून लिहिलं, 'निर्णय चुकीचा.' पहिला नंबर आला.

पुढे त्या तिथेच शिकवायला लागल्या आणि पदवीला फाटे फुटत गेले. नोकरदारांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला; त्यात निम्मे पेंगायचे. साहेब लोकांसाठी शनिवार-रविवारचा निघाला, गुबगुबीत खुर्च्या आणि जेवणासकट. घाईत असलेल्यांना एका वर्षाचा. मग दवाखाने चालवणाऱ्यांची पदवी वेगळी, शेतमालवाल्यांची वेगळी. आता तर अर्धा वर्ग भिंतीवरच्या पडद्यात, चौकोनाचौकोनात. बाई सगळीकडे हीच केस घेऊन गेल्या. मुलं त्यांना 'छत्रीवाल्या बाई' म्हणायची. लाकडी मुठीची एक जुनी छत्री त्यांच्या टेबलाला कायम अडकवलेली असे, बाहेर लख्ख ऊन असलं तरी. केस रंगवायला आणतात, असा सगळ्यांचा समज.

"जुगारात घालवले असणार," पहिल्या बाकावरचा म्हणाला. वर्ग हसला. दरवर्षी इथे हसायचाच.

"मॅडम, माझा हात वर आहे. कॅमेऱ्यात येत नाहीये."

पडद्यावरच्या एका चौकोनात गोदामाचा सुपरवायझर होता. पन्नाशीचा, जेवणाच्या सुट्टीत तासाला बसायचा. मागे खोक्यांची थप्पी.

"पान तीनवर लिहिलंय, कुलूप लागेपर्यंत एकाही कामगाराचा पगार थकला नाही. असा माणूस पैसे उधळत नसतो. त्याने ते दुसऱ्या कशाततरी लावले. आपल्याला दिसत नाही, एवढंच."

बाई खुर्चीत बसल्या. तासाला त्या कधी बसत नसत. त्यांनी छत्रीची मूठ घट्ट धरली.

"मग कशात लावले, ते तुम्हाला कधी कळलं का मॅडम?" त्याने विचारलं.

"कळलं," बाई म्हणाल्या. "पदवी घेऊन घरी गेले, तेव्हा आईनं सांगितलं. बाबांनी त्याच पैशांतून माझी फी भरली होती."