उलटं जर्किन

तांड्याबाहेरच्या वळणावर उदयसिंगनं मोटारसायकल थांबवली. अंगातलं जर्किन काढलं, उलटं केलं आणि पुन्हा चढवलं. दाट धुकं, त्यात अजून पुरतं उजाडलेलंही नव्हतं. घरी असलेल्या बायकोला, हेमलाला, इथलं काही दिसणं शक्यच नव्हतं. तो खुशीत दुधाच्या कॅना घेऊन मानोऱ्याच्या वाटेला लागला.

भानगड आठवड्यापूर्वीची. गाडीचा मागचा लाल दिवा फुटला होता आणि उदयसिंगचं ‘उद्या बसवतो’ काही संपत नव्हतं. शेवटी हेमलानं आपल्या लग्नातल्या ओढणीचे गोल आरसे काढले आणि त्याच्या जर्किनच्या पाठीवर टाचले.

“धुक्यात मागून येणाऱ्याले तुमी दिसाले पायजे,” ती म्हणाली.

“मी काय नवरी हाय का, आरसे लावून मिरवाले? फाट्यावरचे लोक दात काढतीन!”

“काढू द्या. दात काढणारे परवडले, खांदा देणारे नाई.”

बायकोपुढे कोणाचं चाललंय? म्हणून ही युक्ती. जाताना वळणावर जर्किन उलटं, येताना त्याच वळणावर सुलटं. बायकोही राजी आणि मिशांचा मानही शाबूत. आरसे आतून पाठीला बोचायचे, पण इज्जतीसाठी माणूस काय काय सोसतो! काल तर तिनं कौतुकानं जर्किनचं ढिलं बटनही पक्कं करून दिलं. आज आरसेही बोचत नव्हते. सवय झाली म्हणून त्यानं मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटली.

फाट्यावर शेकोटीभोवती बसलेली मंडळी तो पुढे जाताच खिदळली. “चाल्लं, चाल्लं, वऱ्हाड चाल्लं!” म्हातारा पुंजाजी ओरडला. थंडीनं म्हाताऱ्याचं डोकं गारठलं असावं, असं उदयसिंगला वाटलं.

पुढे पुलाच्या चढावर गाडीनं मान टाकली. तो रस्त्याच्या कडेला वाकून प्लग साफ करू लागला. एवढ्यात मागून घरघर आली. मान वळवून पाहतो तो टेम्पोचे दिवे थेट अंगावर! ब्रेक किंचाळले आणि टेम्पो हातभर अंतरावर येऊन थांबला.

भाजीवाला रहीम खाली उतरला.

“या अल्ला! भाऊ, मले रस्ताच दिसून नाई राह्यला होता. एकदम समोर चमचम झाली. वाटलं, तांड्यातली कोनी नवरी उभी हाय. म्हनून दाबला ब्रेक. पाह्यतो तं मिशावाला!”

उदयसिंगनं जर्किन काढलं. सगळे आरसे अस्तरावर आले होते. प्रत्येक आरशात त्याचंच पांढरंफटक तोंड होतं. सुलट्या बाजूला उसवलेल्या टाक्यांच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या.

मानोऱ्यात दूध घालण्याआधी त्यानं मागचा दिवा बसवून घेतला. परतताना त्यानं फाट्यावर हसणाऱ्यांना मुद्दाम पाठ फिरवून आरसे दाखवले आणि वळणावर जर्किन सुलटं करायला तो थांबलाच नाही. ही बाई नसती तर आज आपण नसतो, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

हेमला चुलीपुढे भाकर थापत होती. तो आरशांसकट तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“तुले कसं समजलं वं?”

तिनं भाकर तव्यावर टाकली आणि हसू दाबत म्हणाली, “रोज जर्किन तं सुलटं घालून येता, मंग धूळ काहून आतल्या बाजूनं आनता?”