आज चहा बरा आहे

"आज चहा बरा आहे," असं म्हणून नवऱ्याने कप रिकामा केला आणि तिने आपला कप खाली ठेवला.

हॉटेलच्या लॉबीत बावीस जण आपापल्या बॅगेवर हात ठेवून बसले होते. साथ आली, विमानतळ बंद झाले आणि परदेशातल्या आठ दिवसांच्या सहलीचे चौतीस दिवस झाले. आज एक खास विमान त्यांना घरी न्यायला येणार होतं. बस अर्ध्या तासात. यानंतरचं विमान कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

नवऱ्याचा पेशाच चहा चाखण्याचा. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि एका शब्दात दोनशे पेट्या नापास करायच्या. इथल्या दोरीच्या पुडीतल्या चहाला त्यांनी रोज न चुकता शिव्या घातल्या होत्या. "हा चहा नाही, केर आहे केर," हे ऐकल्याशिवाय ग्रुपमधल्या कुणाची सकाळ व्हायची नाही.

ती उठली, दुसरा कप घेऊन आली. येता येता त्यात मिठाच्या दोन पुड्या ओतल्या. अर्धा कप त्यांनी मजेत संपवला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्यांनी कपात पाहिलं, मग तिच्याकडे. "काय घातलंस?"

"मीठ."

"काल दुपारपासून." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ताप नाही, काही नाही. अगं, पोरीचे दिवस भरलेत. तूच रोज फोन ठेवलास की रडतेस."

रडत होती खरी. लेकीची पहिली खेप, आणि आई इथे खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसलेली.

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"तू काय परकी आहेस?"

तेवढ्यात टूर मॅनेजर फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आला. "काका, काकू, फक्त सही ठोका. बाकी सगळ्यांचं मीच भरून ठेवलंय." ताप? नाही. खोकला? नाही. वास, चव गेली आहे? नाही. बावीस माणसांची उत्तरं एकाच हाताची, एकाच पेनची.

नवऱ्याने सही केली. पेन तिच्या हातात आलं.

नऊ तासांचं विमान. दारं बंद. शेजारच्या खुर्चीत कोण येईल, काय सांगावं? एखादी पोटुशीही येईल.

"अरे, यांची चव गेलीये," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, हळू म्हटलं असतं तर शब्द परत गिळले असते.

मॅनेजरने गठ्ठा काखेत मारला. "काकू, मी ऐकलंच नाही असं समजू?"

"समजू नकोस. लिही."

"अहो, पण मग सगळ्यांनाच अडवतील! आपण सगळे एकत्र जेवतोय."

"म्हणूनच सांगतेय."

ग्रुपमधले निवृत्त फौजदार ताडकन उठले. "वा, बाई! चव काय, घरी गेल्यावर येईल! यांच्या एका जिभेपायी बावीस माणसं डांबून ठेवायची? आणि तुम्ही हो, बायकोला गप्प बसवता येत नाही?"

नवऱ्याची नजर बुटांवर होती. मग त्यांनी मॅनेजरच्या हातातून आपला फॉर्म ओढून घेतला, 'नाही'वर आडवी रेघ मारली आणि बॅग घेऊन पार कोपऱ्यातल्या खांबापाशी जाऊन उभे राहिले. तिनेही आपली बॅग उचलली.

"फाडा तो फॉर्म!" फौजदार गरजले. "आमच्यातल्या कुणाला काही झालंय का? आं? बोला ना, झालंय का कुणाला?"

बाहेर बस येऊन थांबली.

मग मागच्या सोफ्यावर खोकला फुटला. बरेच दिवस पदराखाली दाबून ठेवलेला असावा; एकदा सुटला तो थांबेचना.

फौजदारांनी मागे वळून पाहिलं नाही. त्या सोफ्यावर त्यांची बायको एकटीच बसली होती.