तीस वर्षांची उशी

घरातल्या सगळ्या उशा धुऊन निघायच्या, पण सासऱ्यांच्या उशीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. "तीस वर्षं हीच उशी आहे माझी. धुतलीत तर वाट लागेल तिची," असा त्यांचा दम असायचा. वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. खोटं वजन नुसतं हातात घेऊन ओळखायचा.

ते दोन दिवस लेकीकडे गेले आणि सुनेने डाव साधला. मशीन थांबलं तेव्हा उशीच्या जागी कापसाचे ओले गोळे उरले होते. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. धावत जाऊन तिने नवी उशी आणली आणि तिला तोच विटका, कोपऱ्यात ठिगळ लावलेला अभ्रा चढवला.

सासरे परतले. त्यांनी उशी हातावर तोलली, दोनदा थोपटली, मग डोकं टेकलं.

"वा! याला म्हणतात उशी. नव्या उशांना हिची सर यायची नाही."

सून सुटकेचा निःश्वास टाकत स्वयंपाकघरात आली. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करताच हळूच म्हणाल्या,


"अभ्रा तेवढा जप गं. उशा काय, मी आत्तापर्यंत सहा बदलल्या."